साथीच्या काळात पुन्हा क्रूझवर जायचंय? मास्क, अंतर आणि जागांचं गणित

लिफ्टमधून कोणीतरी उतरून गेलं, तुम्ही आत शिरलात, लिफ्ट रिकामी आहे आणि तरी त्या माणसाच्या अत्तराचा वास नाकात भरतो. कोविडसारखा श्वासातून पसरणारा विषाणू जहाजावर कसा फिरतो, हे समजायला एवढं उदाहरण पुरे. माणूस गेला, त्याचा श्वास मागे राहिला. इथे सहा फुटांचं अंतर राखायचं तरी कोणापासून?

म्हणून क्रूझवर मास्क घड्याळ बघून लावू नका, जागा बघून लावा. दिवसभर मास्क लावायचा निश्चय करणाऱ्यांचा मास्क दुसऱ्या दिवशी हनुवटीवर येतो, तिसऱ्या दिवशी खिशात जातो आणि नेमका गर्दीच्या लिफ्टपाशी केबिनमध्ये विसरलेला असतो. जहाजावरच्या पाच-सहा बंदिस्त जागा ओळखायच्या, तिथे कडक राहायचं आणि उघड्या डेकवर मोकळा श्वास घ्यायचा. खालचं सगळं मार्गदर्शन याच एका सूत्रावर उभं आहे.

१. आधी ठरवा: आत्ता जायचं का?

'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज अनेकांना आठवत असेल. २५ जानेवारी २०२०ला हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला लागण झाल्याचं १ फेब्रुवारीला कळलं. तोवर जहाज पुढे निघून गेलं होतं. योकोहामाला ते विलगीकरणात ठेवलं गेलं आणि जहाजावरच्या ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवाशांना केबिनमध्ये बसवता आलं, पण कर्मचाऱ्यांना जेवण रांधायचं होतं, ताटं दारोदार पोचवायची होती आणि रात्री एकमेकांसोबतच्या छोट्या केबिनमध्ये झोपायचं होतं. लस नव्हती, विषाणूची नीट ओळख नव्हती. आज परिस्थिती तशी नाही, पण जहाजाची रचना तीच आहे.

तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करा. वय जास्त असेल, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. जहाजावर दवाखाना असतो, पण तो मोठ्या रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाही. समुद्राच्या मध्यावर अतिदक्षता विभाग म्हणजे बहुतेक वेळा दूरचं बंदर किंवा हेलिकॉप्टर.

त्यामुळेच विम्याच्या कागदावर तीन गोष्टी शोधा. साथीच्या आजारावरचे उपचार धरलेत का, वैद्यकीय कारणासाठी हलवावं लागलं तर तो खर्च धरलाय का, आणि विलगीकरणामुळे हॉटेलात जास्तीचे दिवस राहावं लागलं तर पैसे मिळतात का. यांतलं शेवटचं बहुतेक जण वाचतच नाहीत.

नियमांचं काय? अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, १४ मार्च २०२०ला क्रूझ थांबवल्या, तिथल्या बंदरांतून प्रवाशांच्या फेऱ्या पुन्हा सुरू व्हायला जून २०२१ उजाडला आणि जुलै २०२२मध्ये सीडीसीने जहाजांसाठीचा कोविड कार्यक्रमच गुंडाळला. त्यानंतर नियम कंपनीचे आणि ज्या देशाच्या बंदरात जहाज लागणार त्याचे. ते तिकिटाच्या वेळी एक असतात, निघताना वेगळे असू शकतात. शेवटच्या आठवड्यात पुन्हा वाचा.

२. केबिन निवडताना हवेचा विचार करा

पैसे खर्च करायचे असतील तर ते बाल्कनीवर करा, असं मी एरवी म्हणणार नाही. साथीच्या काळात मात्र म्हणेन. विलगीकरणाची वेळ आली तर बिनखिडकीच्या केबिनमध्ये काढलेले पाच दिवस आणि बाल्कनीतले पाच दिवस यांत फार फरक आहे. शिवाय कॉफी, वाचन, अगदी जेवणसुद्धा बाल्कनीत होतं. तेवढा वेळ तुम्ही गर्दीबाहेर असता.

बाल्कनी परवडत नसेल तर जिन्याने जा-ये करता येईल अशी, खालच्या किंवा मधल्या डेकवरची केबिन घ्या. लिफ्टचे फेरे वाचतात. बुकिंग करताना कंपनीला दोन प्रश्न विचारा: केबिनमध्ये बाहेरची ताजी हवा किती येते, आणि सभागृहांत फिरणाऱ्या हवेला कोणता फिल्टर आहे? 'सर्वोच्च दर्जाची स्वच्छता' असं उत्तर आलं, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही असं समजा.

३. मास्क: कोणता, किती आणि कसा

चांगल्या मास्कची किंमत कापडाच्या रंगात नसते, तो चेहऱ्याला किती घट्ट बसतो यात असते. एन-९५चं कापड चाचणीत ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतं, पण गालाशी फट राहिली तर हवा कापडातून न जाता फटीतून जाते. कडी लावलेल्या दाराशेजारची खिडकी उघडी असावी, तसं.

बसवण्याची पद्धत अशी. हात धुवा. मास्क हनुवटीखालून वर घ्या, पट्टे डोक्यामागे किंवा कानामागे अडकवा आणि नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत नाकाच्या आकाराला वळवा. एकाच हाताने चिमटलं तर मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट पडते. आता दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली, चष्म्यावर वाफ धरली, तर पट्टी पुन्हा दाबा. गालाच्या कडेने हवा गेली तर पट्टे घट्ट करा किंवा दुसऱ्या आकाराचा मास्क घ्या. दाढी असेल तर मास्क बसत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. सहलीपुरती ती काढायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

पुढे झडप असलेला मास्क नेऊ नका. सोडलेला श्वास त्या झडपेतून न गाळता बाहेर पडतो, त्यामुळे शेजाऱ्याचा फायदा कमी.

दिवसाला दोन या हिशोबाने मास्क न्या आणि वर थोडे जास्तीचे. समुद्राचा तुषार, घाम, पावसाची सर यांनी मास्क ओला झाला की तो बदलायचाच. ओल्या मास्कमधून श्वास घेणं जड जातं आणि माणूस तो खाली ओढतो. काढलेला मास्क कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट राहतो. पोहताना मास्क कधीही लावू नका. लहान बाळांना तर नाहीच. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये.

घरीच एक तालीम करून बघा. मास्क लावून तीन-चार जिने चढा आणि पंधरा मिनिटं गप्पा मारा. जो मास्क तिथे टोचतो तो सात दिवस लावला जाणार नाही.

४. निघण्याआधीचे दोन आठवडे

लसीचा डोस राहिला असेल तर निदान दोन आठवडे आधी घ्या, शरीराला तेवढा वेळ लागतो. शेवटच्या पाच-सहा दिवसांत लग्न, समारंभ, बंद सभागृहातले कार्यक्रम टाळा. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी रॅपिड टेस्ट करा, कंपनीने मागितली नसली तरी.

ताप नाही म्हणजे आजार नाही, या समजुतीवर विसंबू नका. २०२०मध्ये अंटार्क्टिकाच्या सफरीला गेलेल्या 'ग्रेग मॉर्टिमर' जहाजावर चढण्याआधी सगळ्यांचं तापमान तपासलं होतं. तरी २१७ जणांपैकी १२८ जण पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांतल्या बहुतेकांना एकही लक्षण नव्हतं.

बॅगेत: रॅपिड टेस्टचे किट, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, तापाच्या गोळ्या आणि रोजच्या औषधांचा सहलीपेक्षा किमान दहा दिवस जास्तीचा साठा. हा साठा हातातल्या बॅगेत असू द्या.

५. जहाजावर चढण्याचा दिवस

माझ्या मते हा अख्ख्या सहलीतला सगळ्यात धोक्याचा दिवस. वेगवेगळ्या गावांहून विमानं, बस बदलून आलेली हजारो माणसं एका टर्मिनलमध्ये कागद हातात धरून उभी असतात. वेळेची निवड देत असतील तर गर्दी नसलेली वेळ घ्या, लवकर पोचून आत ताटकळू नका आणि घरापासून केबिनच्या दारापर्यंत मास्क उतरवू नका. भूक लागली तर बाहेर जाऊन खा.

मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं त्याची तालीम, चुकवता येत नाही आणि चुकवूही नये. पूर्वी त्यासाठी शेकडो लोक खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. साथीत अनेक कंपन्यांनी ती बदलली: सूचना फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बघायच्या आणि आपल्या सोयीने ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. तशी सोय असेल तर चढल्या चढल्या उरकून टाका. संध्याकाळी तिथे रांग लागते.

६. जहाजावर: कुठे कडक, कुठे सैल

उघड्या डेकवर वारा असतो. तिथे हातभर मोकळी जागा ठेवून चालत असाल तर मास्कची गरज नाही. अपवाद एकच: बंदर सोडताना सगळे एकाच कठड्याला चिकटतात. दुसऱ्या बाजूचा कठडा रिकामा असतो आणि समुद्र तिकडेही असतो.

लिफ्टमध्ये मास्क नेहमी, रिकाम्या लिफ्टमध्येसुद्धा. नाट्यगृह, कॅसिनो, लहान दुकानं, मुलांचा खेळकक्ष, स्वच्छतागृह, इथेही. नाट्यगृहात दाराजवळची कडेची जागा धरा. खेळ संपल्यावर लोंढ्याबरोबर उठण्यापेक्षा आधी किंवा सगळ्यात शेवटी निघा. व्यायामशाळेत माणसं धापा टाकत असतात, म्हणून ती मी यादीतूनच काढेन. चालायला डेक आहे की.

जेवणघर हे खरं अवघड प्रकरण. मास्क काढल्याशिवाय जेवता येत नाही, त्यामुळे इथे मास्कचे नियम काही वाचवत नाहीत. वाचवतं ते टेबल. अनोळखी लोकांबरोबरचं मोठं टेबल घेऊ नका, आपल्या घरच्यांपुरतं मागा आणि ते बुकिंगच्या वेळीच मागा. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर ज्या पाळीला गर्दी कमी ती घ्या. उघड्यावर जेवायची सोय बहुतेक जहाजांवर कुठेतरी असते, पहिल्याच दिवशी ती शोधून ठेवा. बुफेत रांगेत असताना मास्क लावा, ताट घेऊन बाहेर जा. ताटावरून बोलू नका.

एक गोष्ट सॅनिटायझरबद्दल. क्रूझवर पोटाचा नोरोव्हायरसही पसरतो आणि त्याच्यावर अल्कोहोलचा सॅनिटायझर फारसा चालत नाही. जेवणाआधी साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुणं याला पर्याय नाही.

तुम्हाला यंत्रांची हौस असेल तर खिशात मावणारा कार्बन डायऑक्साइड मापक न्या. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास आकडा दाखवतो. बंद खोलीत तो हजाराच्या वर गेला, तर तिथे बरीच माणसं एकमेकांनी सोडलेली हवा घेत आहेत असं समजून बाहेर पडा. टेबलावर ठेवून शेजाऱ्यांना मात्र आकडे वाचून दाखवू नका.

आणि कर्मचाऱ्यांशी बोलताना मास्क लावा. तुम्ही आठवड्याने घरी जाता. ते महिनोन् महिने त्याच जहाजावर असतात, आणि त्यांच्या केबिनला बाल्कनी नसते.

७. बंदरावर उतरताना

ऑगस्ट २०२०मध्ये भूमध्य समुद्रात 'एमएससी ग्रँदिओसा'ने फेऱ्या सुरू केल्या तेव्हा प्रवाशांना फक्त कंपनीच्या सहलीतूनच किनाऱ्यावर फिरता येत होतं. नेपल्सला एक कुटुंब गट सोडून आपलं आपण फिरायला गेलं. त्यांना जहाजावर परत घेतलं नाही. तेव्हा उतरण्याआधी त्या बंदराचा त्या दिवशीचा नियम विचारा.

स्वतंत्र फिरायची मुभा असेल तर पायी फिरणं सगळ्यात चांगलं. बसची सहल असेल तर पूर्ण वेळ मास्क ठेवा, शक्य असेल तर खिडकी उघडा.

८. घसा खवखवला तर

लपवू नका. सहल बुडेल या भीतीने खोकला गोळीने दाबून जेवायला गेलेला एक माणूस पूर्ण टेबलाची सहल बुडवतो. केबिनमध्येच थांबा, मास्क लावा आणि दवाखान्यात चालत जाण्याऐवजी फोन करा. काय करायचं ते तेच सांगतील. टेस्ट निगेटिव्ह आली आणि लक्षणं राहिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, पहिली निगेटिव्ह बऱ्याचदा घाईची असते. धाप लागली, छातीत दुखलं किंवा ऑक्सिमीटरचा आकडा ९४च्या खाली टिकून राहिला, तर लगेच कळवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

केबिनमधल्या जोडीदाराने काय करायचं हे निघण्याआधीच ठरवून ठेवा. दुसरी केबिन मिळतेच असं नाही.

९. घरी आल्यावर

पाच दिवस घरातल्या ज्येष्ठांजवळ मास्क लावा, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी टेस्ट करा. पॉझिटिव्ह आलात तर जहाज कंपनीला आणि सहलीत ज्यांच्याशी फोन नंबरांची देवाणघेवाण केली त्यांना त्याच दिवशी कळवा. त्यांच्यापैकी कोणीतरी दुसऱ्या सकाळी आजारी आईवडिलांना भेटायला निघालेलं असू शकतं.