डिस्प्ले ड्रायव्हरच्या नादात दोनदा विंडोज मारलं
हार्डवेअरच्या लाईनीत नवीन येणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. जळगावला गोलाणी मार्केटात शिकत होतो तेव्हा यावलचा एक फोटो स्टुडिओवाला डेस्कटॉप घेऊन आला, स्क्रीनवर सगळं ढोबळ, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना. मी ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, काढला, परत टाकला, शेवटी विंडोजच मारलं, म्हणजे पुसून नव्याने टाकलं, तेपण दोनदा. संध्याकाळी शेठ आले, सीपीयूच्या मागे वाकले न म्हणे, "भो, वायर कुठं लावली पाह्य ना!" केबल मदरबोर्डच्या पोर्टला होती, ग्राफिक्स कार्ड खाली रिकामं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजची हार्डवेअरची यादी) कार्डाच्या जोडीला 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत होतं, म्हणजे मदरबोर्डच्या ग्राफिक्सला ड्रायव्हरच नव्हता न स्क्रीन त्यावरच चालत होती, मी बघूनही सोडून दिलेलं.

तेव्हापासून आधी केबल, मग बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग स्क्रीन). ड्रायव्हर विंडोजसोबत लोड होतो, म्हणून बायोसमध्येच रेषा येत असतील तर ड्रायव्हरला हात लावू नका, कार्ड काढा, त्याची स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी पट्टी खोडरबरने घासा, फॅनमधली धूळ उडवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा निम्म्या केसेस याच असतात.

बायोस स्वच्छ पण विंडोजच्या लोगोनंतर काळं, तर सेफ मोड (विंडोज फक्त गरजेपुरत्या साध्या ड्रायव्हरवर चालू करणं). तिथं नीट दिसलं की बहुतेक ड्रायव्हरच. अपडेटनंतर बिघडलं असेल तर आधी डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा, ते बटण फिकं असेल तर डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) आत्ताचा ड्रायव्हर मुळासकट काढा. पण लॅनची वायर आधी उपसा, नाहीतर तुम्ही फाईल शोधेपर्यंत विंडोज अपडेट स्वतःचाच ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

कार्ड कोणतं हे खोक्यावरून ठरवू नका, जुन्या मालात खोकं एकाचं न कार्ड दुसऱ्याचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. त्यातला व्हेंडर नंबर, म्हणजे चिपच्या कंपनीचा नंबर, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ एएमडी, ८०८६ इंटेल. एनव्हिडियाची जुनी जीटी ७१० कार्डं अजून खूप येतात, त्यांना ४७० सिरीजचाच ड्रायव्हर शोधा, २०२१ नंतरच्या नव्या सिरीज ते कार्ड ओळखतच नाहीत.

स्टुडिओवाल्याने फक्त वायर बदलल्याचे पैसे दिले. लग्नाचे फोटो डी ड्राइव्हला होते म्हणून वाचलो, त्याने डेस्कटॉपच्या स्क्रीनवर, म्हणजे विंडोज मारताना पुसल्या जाणाऱ्या सी ड्राइव्हला ठेवले असते तर मी आज हे लिहायला नसतो.