शुगर झालेल्या मांजराला घरी इन्सुलिन कसं द्यायचं

आमच्या बंड्याला मधुमेह झालाय हे घरात सगळ्यांत आधी मुंग्यांना कळलं. मोरीच्या ज्या कोपऱ्यात तो लघवीला बसायचा, तिथं रोज मुंग्यांची रांग लागायची. मी पाणी टाकून धुवायची आणि कामाला लागायची. मे महिना होता, परभणीचं ऊन ४२-४३ अंशांवर गेलेलं, त्यामुळे नऊ वर्षांचा हा बोका वाडगाच्या वाडगा पाणी रिकामा करतो याचंही कुणाला काही वाटलं नाही. खायचा भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. मग एक दिवस तो मागच्या पायांच्या टाचा फरशीला टेकवून चालताना दिसला, तेव्हा त्याला टोपलीत घालून दवाखाना गाठला.

फार पाणी, फार लघवी, खाऊनही वजन उतरणं आणि टाचा टेकून चालणं, यातली दोन जरी दिसली तरी उन्हाळ्यावर ढकलू नका. वाडग्यात मोजून पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. चार किलोचं मांजर दिवसाला ४०० मिलीच्या वर पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे.

खाली लिहिलंय ते डॉक्टरांच्या जागी नाही. कोणतं इन्सुलिन आणि किती, हे तेच ठरवणार. ठरलेला डोस रोज नेमका आणि वेळेवर देणं मात्र आपल्या हातात आहे, आणि ते कुणालाही जमतं. मला जमलं, तर सुई पाहून डोळे मिटणाऱ्या माझ्या मुलालाही जमलं.

आधी निदान पक्कं होऊ द्या

मांजर घाबरलं की नुसत्या भीतीनं त्याची शुगर ३०० च्या पुढे जाऊ शकते. म्हणून दवाखान्यातल्या एका आकड्यावर घाई करू नये. लघवीत साखर आहे का ते पाहतात, आणि सोय असेल तर फ्रुक्टोसामाइनची तपासणी करतात. त्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते. मांजराला आधी कधी स्टेरॉइडची सुई किंवा गोळ्या दिल्या असतील तर आवर्जून सांगा, त्यानंही शुगर वाढते. दात किडलेले असणं, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज हेही तपासून घ्या. यातलं काही अंगात राहिलं की इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

आपल्याकडे जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांचीच गर्दी असते. मांजराची शुगर नेहमी हाताळणारे डॉक्टर प्रत्येक तालुक्याला मिळत नाहीत. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्या डॉक्टरांना तिथं विचारून सांगा म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवून घ्या: रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा.

घरातल्या आजोबांच्या शुगरच्या गोळ्या, कारल्याचा रस, मेथीचं पाणी यातलं काही मांजराला देऊ नका.

मेडिकलच्या काउंटरवरच तपासायची गोष्ट

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. आपल्या देशात इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. एकात १ मिलीला ४० युनिट असतात, दुसऱ्यात १ मिलीला १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. मांजरांना बरेच डॉक्टर ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून देतात, ते १०० चं असतं. ते चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत भरलं तर १ नाही, अडीच युनिट जातात. एवढ्या फरकानं मांजराचा जीव जाऊ शकतो. टोपणाच्या रंगावरही पूर्ण विसंबू नका, बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून वाचा. मला एकदा मेडिकलवाल्यांनी सवयीनं लाल टोपणाचं पाकीट दिलं होतं. वाचून पाहिलं म्हणून तिथल्या तिथं बदलून आणलं.

सिरिंज शक्यतो ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली मागा. १०० च्या १ मिली सिरिंजवर बहुतेकदा दोन-दोन युनिटांनी रेघा असतात, त्यावर मांजराचा डोस मोजताच येत नाही. बऱ्याच मांजरांना सुरुवातीला १ युनिटाच्या आसपास, दिवसातून दोनदा देतात. १०० च्या इन्सुलिनचं १ युनिट म्हणजे ०.०१ मिली, पाण्याच्या एका थेंबाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं. एवढ्याशा मापात हवेचा बुडबुडा राहिला तर डोसच निघून जातो. इन्सुलिनची तशी अडचण नाही, संभाजीनगरजवळच्या वाळूजलाच वोक्हार्टचा इन्सुलिनचा कारखाना आहे. खटपट लागते ती या छोट्या सिरिंजसाठी. मेडिकलमध्ये आठवडाभर आधी सांगून ठेवा.

ऊन आणि गेलेली लाईट

इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेत ठेवू नका, तिथं ते गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. मधल्या फळीवर, डब्यात ठेवा. बाटली उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा आणि किती दिवस वापरायची ते डॉक्टरांना विचारा. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते गढूळ दिसलं किंवा कण दिसले तर टाकून द्या.

लाईट चार-सहा तास गेली तर फ्रीज उघडू नका, आतला गारवा टिकतो. त्याहून लांबलं तर बाटली झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत घालून माठाच्या आधारानं ठेवावी. आमच्याकडे एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात डबी आणि वर ओलं फडकं अशी सोय आहे. सासूबाई पूर्वी यात दही ठेवायच्या. फ्रीजची बरोबरी होत नाही, पण भर उन्हाळ्याच्या दुपारी स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी गार राहतं. गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत मात्र पाच मिनिटंही नको.

सुई देताना

आधी मोसंबीवर सराव करा. जालन्याच्या मोसंबीची साल त्यासाठी चांगली. साध्या पाण्यानं १ युनिट भरायचं, बुडबुडा काढायचा, टोचायचं. पंधरा-वीस वेळा केलं की हाताची थरथर जाते.

वेळा दोन, बारा तासांच्या अंतरानं. शाळेमुळे आम्ही सकाळी सात आणि संध्याकाळी सात ठरवल्या. कधी अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे झालं तर चालतं, पण राहून गेलेला डोस भरून काढायला दोन सुया पाठोपाठ कधीही देऊ नका.

आधी खायला द्या आणि खाताना बघा. मांजरानं वाटीकडे पाठ फिरवली किंवा उलटी केली तर नेहमीचा डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. नीट खातंय म्हटल्यावर बाटली हातात घ्या. ग्लार्जिन हलवायचं नाही. ढगाळ दिसणारं इन्सुलिन दिलं असेल तर ते तळहातांमध्ये हळू फिरवून एकसारखं करतात. सिरिंज भरा, बुडबुडा टिचकीनं वर आणा, बाटलीतच परत ढकला आणि डोळ्यांच्या पातळीवर धरून रेघ पुन्हा पाहा.

मानेच्या मागची सैल कातडी सगळ्यांना सोपी वाटते, पण तिथं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. बरगड्यांच्या बाजूला किंवा पोटाच्या कडेला कातडी चिमटीत उचला. छोटा तंबू उभा राहतो, त्याच्या बुडाशी सुई अंगाला समांतर आत सरकवा. दुसऱ्या बाजूनं बाहेर निघाली नाही ना, हे चिमटीतल्या बोटाला कळतं. दट्ट्या पूर्ण दाबा, एक-दोन मनात मोजा, सुई काढा. सकाळी डावी बाजू, संध्याकाळी उजवी, आणि रोज जागा थोडी बदला. स्पिरिट लावायची गरज नाही, त्या वासानं मांजर फक्त बिथरतं.

नंतर त्या जागी हात फिरवा. केस ओले लागले, औषधाचा वास आला, तर डोस केसांतच सांडलाय. अशा वेळी पुन्हा सुई द्यायची नाही. किती आत गेलं ते आपल्याला कळत नाही. एक वेळ शुगर जास्त राहिली तर भागतं, शुगर फार खाली गेली तर हातात थोडाच वेळ असतो.

तो थोडा वेळ

हे आम्ही भोगून शिकलो. एका रविवारी सकाळी मी सुई दिली आणि भाजी आणायला गेले. मुलगा उठला, त्याला वाटलं आई विसरली, त्यानंही दिली. अकराच्या सुमारास बंड्या पलंगाखालून बाहेर आला तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात, मान कापत होती, हाक मारली तरी नजर भलतीकडेच. ग्लुकोमीटरवर ४१.

मधाची बाटली काढून बोटानं त्याच्या हिरड्यांवर मध चोळला. गालाच्या आत, ओठांखाली, थोडा थोडा. गिळता येत नसताना तोंडात पाणी किंवा मध ओतला तर तो श्वासनलिकेत जातो, म्हणून फक्त चोळायचं. आकडी आली असेल तर दातांच्या मध्ये बोट घालू नका, गालाच्या बाहेरच्या कडेनं हिरडीला लावा. मध नसेल तर ग्लुकोजची पावडर किंवा साखर थोड्या पाण्यात घट्ट कालवून, नाहीतर काकवी. दहा मिनिटांत त्यानं मान सावरली, मग खायला दिलं आणि लगेच दवाखान्यात नेलं. सावरलं म्हणून घरी थांबायचं नाही. इन्सुलिन अंगात असेपर्यंत शुगर पुन्हा खाली येते. संध्याकाळपर्यंत तो सलाईनवर होता.

त्या दिवसापासून फ्रीजच्या दारावर वही टांगलेली आहे. सुई देणाऱ्यानं आधी वहीत वेळ आणि डोस लिहायचा, मग बाटली उघडायची. वही पाहिल्याशिवाय कुणी सिरिंज हातात घेत नाही.

खाण्याचं

बंड्याला जन्मापासून दूध-भाकर. ती बंद केली तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, मुकं जनावर आहे, घासभर तरी दे." मी त्यांना शेजारी बसवून सांगितलं, आई, त्याचं पोट मांसावर चालणाऱ्या जनावराचं आहे, ज्वारीची भाकर त्याच्या रक्तात नुसती साखर होऊन फिरते. आता त्याच संध्याकाळची वाटी भरतात आणि दुसऱ्या कुणाला भरू देत नाहीत.

मांजराला प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी हवं. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांपेक्षा ओलं खाद्य सहसा बरं. घरचं द्यायचं तर उकडलेली कोंबडी, मासे, अंडं, बिनमिठाचं, आणि कांदा-लसूण अजिबात नको, ते मांजराला विषारी आहेत. नुसत्या कोंबडीवर मात्र भागत नाही. टॉरिन (मांजराला लागणारा एक पोषक घटक) आणि कॅल्शियम कमी पडतं, म्हणून रोजचं खाणं डॉक्टरांकडून ठरवून घ्या. लठ्ठ मांजराला बारीक करायला उपाशी ठेवणं तर घातकच, दोन-चार दिवसांत यकृत बिघडू शकतं.

भाकर, भात, दाणे बंद केले की इन्सुलिनची गरज झपाट्यानं कमी होते. जुना डोस तसाच चालू ठेवला तर शुगर खाली कोसळेल. म्हणून खाणं बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि मग हळूहळू बदला.

घरी शुगर तपासणं

कानाच्या कडेला बारीक शीर असते. कान आधी कोमट फडक्यानं शेका, मागं कापसाचा बोळा धरा, टोचा, मोहरीएवढा थेंब पुरतो. माणसांचं ग्लुकोमीटर चालतं, पण मांजराच्या रक्तात ते बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. कोणतं मशीन वापरता ते डॉक्टरांना सांगा आणि मशीन सारखं बदलू नका. निरोगी मांजराची शुगर साधारण ८० ते १५० असते, इन्सुलिनवरच्या मांजराला दिवसभर तिथंच ठेवायचा हट्ट नको. सुरुवातीच्या काळात सुईआधीचा आकडा २०० च्या खाली दिसला तर डोस देण्याआधी फोन करा. डॉक्टर सांगतील त्या दिवशी दर दोन तासांनी, बारा तास तपासून आकडे लिहायचे. इन्सुलिन कधी सगळ्यांत जास्त काम करतंय ते त्यावरून कळतं. डोस वाढवायचा की नाही हे एका आकड्यावर, आणि घरच्या घरी, कधीच ठरवू नका.

रोज टोचणं जमत नसेल तर निदान पाणी आणि आठवड्याचं वजन लिहा. खाणं बंद, उलट्या, मलूल पडणं आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, असं दिसलं तर रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे घातक पदार्थ) वाढले असण्याची शक्यता आहे. त्याच तासाला निघा.

काही मांजरांना लवकर उपचार मिळाले तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत इन्सुलिन लागेनासं होतं. बंड्याचा डोस अर्ध्या युनिटावर आला, आणि दिवाळीनंतर डॉक्टरांनी तो थांबवला. वही अजून चालू आहे, कारण शुगर परत येऊ शकते, आणि मोरीचा कोपरा मी रोज पाहते.

वापरलेल्या सुया घंटागाडीत सुट्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा आणि दवाखान्यात नेऊन द्या. आमच्या डॉक्टरांकडे त्यासाठी पेटीच ठेवलेली आहे, सुया चालू होत्या तेव्हा महिन्याला एक बाटली घेऊन मुलगा जायचा.