वाह पेडल घ्या आणि नीट वाजवा, नागपूरच्या गिटारवाल्यांसाठी

आपल्याकडे नवीन गिटारवाला पहिलं पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) डिस्टॉर्शन घेतो, म्हणजे आवाज फाडणारं, दुसरं डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं, आणि पायाने पुढे-मागे झुकवून ‘वाह-वाह’ आवाज काढायचं वाह राहूनच जातं, का तर म्हणे ते फंकवाल्यांचं काम. मला हे अजिबात पटत नाही. डिस्टॉर्शननंतर दुसरं पेडल वाहच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बाकीची पेडलं एकदा नॉब लावून ठेवली की तशीच चालतात आणि वाहमध्ये गाणं सुरू असताना एकेका सुराचा टोन तुम्ही पायाने ठरवता. आणि गणपती-नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रात किंवा १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात वाजवत असाल तर याचा उपयोग रोजचा आहे, दोन ओळींच्या मधली छोटी जागा भरायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पंचमदांची सत्तरच्या दशकातली गाणी सेटमध्ये असली तर काही ठिकाणी त्याच्याशिवाय गाणं अर्धंच वाटतं.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पाय आपोआप शहाणा होतो. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा इंजिनियर व्हॉक्स अँपच्या (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) मिडरेंजच्या, म्हणजे मधल्या स्वरपट्ट्याच्या सर्किटवर काम करत होता, तिथे स्विचच्या जागी फिरणारा पॉट (नॉबच्या आतला कमी-जास्त करायचा भाग) लावून बघताना हा आवाज निघाला, आणि १९६७ मध्ये पेडल बाजारात आलं. म्हणजे मुळात ही अँपची मिडची नॉबच आहे, पायाखाली आणलेली, फक्त ती आवाजाचा एक छोटाच पट्टा खूप जास्त उचलते. टाच दाबली की साधारण ४०० हर्ट्झच्या आसपासचा भाग फुगतो आणि आवाज ‘ऊ’ सारखा येतो, पंजा दाबला की तो फुगवटा २००० हर्ट्झच्या आसपास जातो आणि ‘आ’ च्याही पुढे, थोडा ‘ॲ’ सारखा उघडतो. आपल्या तोंडात स्वर बदलताना पण असंच काहीतरी होतं, म्हणून तर गिटार बोलल्यासारखी वाटते. आता बघा, सहावी तार मोकळी वाजवली तर ती ८२ हर्ट्झची, म्हणजे वाह त्या मूळ सुराला हातच लावत नाही, त्याच्या वरच्या हार्मोनिक्सवर, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या बारीक सुरांवर काम करते. हार्मोनिक्स जितके जास्त तितकी वाह जास्त ऐकू येते. म्हणून गिटारची टोन नॉब पूर्ण उघडी ठेवा, ब्रिज पिकअप (तारा खाली जिथे अडकतात त्याजवळचा) लावून बघा, आणि थोडं ड्राइव्ह द्या, म्हणजे आवाज जरासा फाटू द्या. नेक पिकअप, टोन बंद आणि एकदम क्लीन अँप अशा सेटिंगवर वाह लावून लोक म्हणतात की फरकच पडत नाही, आता त्यात पेडलचा काय दोष.

अजून एक, बहुतेक जुन्या पद्धतीच्या वाहमध्ये ऑन-ऑफचा स्विच पंज्याखाली असतो आणि लाइट नसतो. पुढे पूर्ण दाबून ‘कट्’ आवाज येईपर्यंत जोर द्यावा लागतो. पेडल बंद आहे समजून दुकानात परत नेणारे बरेच आहेत, आधी हे करून बघा भाऊ.

आता पाय. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, लोक प्रत्येक बीटला पाय हलवत राहतात आणि पूर्ण सोलो एकसारखा वाटून राहतो. पहिला सराव असा करा, एक सूर धरा, बेंड (तार खेचून सूर चढवणं) केला तर उत्तम, आणि चार बीटमध्ये टाचेपासून पंज्यापर्यंत हळू जा, मग चार बीटमध्ये परत. घाई केली की आवाज मधल्या भागात उडी मारतो आणि सगळी गोडी त्या मधल्या भागातच आहे. हे जमलं की फ्रेजला, म्हणजे सुरांच्या छोट्या ओळीला पाय जोडा, सूर वर चढला तर पंजा, खाली आला तर टाच, आणि फ्रेजच्या शेवटच्या सुरावर हळूच उघडा. गाणारा माणूस शेवटचा स्वर जसा उघडतो तसंच.

दुसरा वापर तालाचा. डाव्या हाताने तारा हलक्या दाबून म्यूट करा, उजव्या हाताने सोळाव्या मात्रा (सिक्स्टीन्थ नोट्स) मारा, मेट्रोनोम ८० वर. बीटवर टाच, दोन बीटच्या बरोबर मधे पंजा. हात एका बीटमध्ये चार वेळा, पाय मात्र एकदाच खाली-वर, हे वेगळं करता आलं पाहिजे. सुरुवातीला गिटार बाजूला ठेवून नुसता पाय चालवा आणि मांडीवर हाताने सोळाव्या मारा. हेंड्रिक्सच्या १९६८ च्या ‘वूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)’ ची सुरुवात ऐका, म्यूट केलेल्या तारा आणि वाह एवढ्यावरच किती काही बोलता येतं ते कळेल.

तिसरा वापर माझा सगळ्यात आवडता, पाय न हलवण्याचा. ड्राइव्हवर एक कॉर्ड वाजत ठेवा, पेडल अगदी सावकाश पुढे न्या, एका जागी आवाज नाकातून आल्यासारखा होतो आणि की-बोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड सगळ्यांच्या वर गिटार स्पष्ट ऐकू येते. तिथेच थांबा आणि सोलो वाजवा. ऑर्केस्ट्रात साउंडवाला गिटार वाढवतच नाही ही तक्रार असते ना, त्यावर आवाज न वाढवता हा सरळ उपाय आहे. ती जागा सापडली की पेडलच्या बाजूला छोटी टेप लावून खूण करा.

जोडणी करताना गिटार, मग वाह, मग ओव्हरड्राइव्ह, मग अँप ही नेहमीची रांग. वाह डिस्टॉर्शनच्या नंतर ठेवली तर आवाज खूप तिखट होतो, कधी हवाही असतो, पण पंजा पूर्ण दाबलेला असताना मॉनिटरमधून शिट्टी यायची तयारी ठेवा. जुन्या प्रकारचं फझ (आवाज अजून जाडसर फाडणारं पेडल) असेल तर वाहच्या नंतर फझ लावल्यावर वाह अर्धमेली होते, कारण फझचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, खूप कमी असतो. मधे बफर (दोन पेडलांचा एकमेकांवरचा परिणाम तोडणारं छोटं सर्किट) टाका नाहीतर फझ वाहच्या आधी लावून बघा.

आणि आपल्या गावचा खास प्रश्न, कूलर. एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय खोलीत बसणं शक्य नाही, आणि त्याची मोटर अँपच्याच विजेच्या बोर्डावर असली तर घरघर सरळ अँपमध्ये येते. वाहच्या आत इंडक्टर असतो, म्हणजे तारेची गुंडाळी, ती जवळचं चुंबकीय क्षेत्र पकडते. म्हणून ॲडॉप्टर पेडलला चिकटवून ठेवू नका, हातभर लांब ठेवा, पेडल थोडं फिरवून बघा, एका कोनात हम (घूं असा आवाज) एकदम कमी होतो. तरी आवाज आला तर ९ व्होल्टची बॅटरी लावा, आणि वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढा, ती लावलेली राहिली की बॅटरी संपत राहते.

घरी टाइल्सवर पेडल सरकतं, खाली रबरी पायपुसणं टाका. आणि कार्यक्रमात जे बूट घालणार तेच घालून सराव करा, अनवाणी पायाला टाचेची सवय झाली की बुटात सगळं अंतर बदलतं, सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या स्टेजवर ते कळलं तर काही उपयोग नाही.

धूळ हा वाहचा शत्रू आणि उन्हाळ्यात आपल्याकडे धुळीची कमी नाही. पॉट खरखर करायला लागला की खालचे स्क्रू काढा, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पेडल वीस-पंचवीस वेळा वरखाली करा. तरी खरखर राहिली तर पॉट बदला, बहुतेक १०० के (किलोओहम) चा असतो, पण साधा कोणताही लावू नका, वाहसाठीचाच मागा, नाहीतर सगळी हालचाल एका टोकाला जमा होते. सेकंडहॅंड घेत असाल तर विकणाऱ्याकडे अँपला लावूनच बघा, हळू खालून वर नेताना खरखर येते का, स्विच दर वेळी लागतो का, आणि पाय काढल्यावर पेडल जिथे ठेवलं तिथेच राहतं का ते बघा. आपोआप खाली पडत असेल तर घाबरू नका, बहुतेक मॉडेलमध्ये आतला एक नट घट्ट केला की होतं, त्या कारणाने भाव मात्र जरूर कमी करून घ्या.