आयकॉन पुन्हा डावीकडे गोळा झाले? डेस्कटॉपची मांडणी जपताना या चुका टाळा

नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात माझी महिन्यातून दोनदा तरी फेरी असते. दुकान चालवणाऱ्या ताईंच्या डेस्कटॉपवर दीडशेच्या आसपास आयकॉन आहेत. बघणाऱ्याला पसारा वाटतो, पण त्यांचं गणित पक्कं आहे. डावीकडे लग्नपत्रिका, मधे फ्लेक्स, उजवीकडे शाळा-क्लासेसची कामं आणि खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या बरोबर वर, ज्यांचे पैसे यायचेत त्यांच्या फायली. कोपरा भरला की ताई फोन फिरवायला घेतात. वेगळी वही नाही.

पहिल्या पावसात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे कॉम्प्युटर धाडकन बंद. लाइट आल्यावर ताईंनी सीपीयू चालू केला, मॉनिटरचं बटण मात्र दोन मिनिटांनी दाबलं. मॉनिटर जागेवर नाही असं समजून विंडोज १०२४ बाय ७६८ वर सुरू झालं, तेवढ्या जागेत आयकॉन मावेनात, आणि सगळे डावीकडून रांगा लावून उभे राहिले. रेशनच्या दुकानासमोर राहतात तसे.

"भाऊ, फायली सगळ्या आहेत हो. पण उधारी कुठंय तेच कळेना."

त्या दिवशी मी डेस्कटॉप ओके हे छोटं मदतनीस सॉफ्टवेअर, म्हणजे युटिलिटी, टाकून दिलं. फुकट आहे, आकारानं अगदी लहान आहे, आणि कोणता आयकॉन कुठे होता एवढंच लक्षात ठेवतं. सॉर्डमचं री-आयकॉनही हेच काम करतं. दोन्हींपैकी काहीही वापरा, मात्र बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. गुगलवर वर येणाऱ्या भलत्या साइटवरून उतरवलं की सोबत दोन-चार नको ते पाहुणेही येतात.

पंधरा दिवसांनी ताईंचा फोन: "तुमचं ते सॉफ्टवेअर चालत नाही." जाऊन बघितलं तर उत्तम चालत होतं. चूक माझीच होती, आणि ती इतक्या ठिकाणी बघितली आहे की तिच्यापासूनच सुरुवात करतो.

बिघडलेली मांडणीच जपून ठेवणं

या युटिलिटीत दोन सोयी असतात: कॉम्प्युटर बंद होताना मांडणी आपोआप साठवणं आणि चालू होताना आपोआप परत लावणं (रिस्टोर). मी हौसेनं दोन्हींवर टिक केली होती. एके दिवशी मॉनिटरची केबल सैल होती, स्क्रीन पुन्हा लहान आकारात आली, आयकॉन गोळा झाले. ताईंनी गडबडीत तसंच काम उरकलं आणि रात्री शटडाउन केलं. युटिलिटीनं इमानदारीनं ती गोळा झालेली मांडणी साठवली आणि सकाळी तितक्याच इमानदारीनं परत लावली. आपण फोटो कधी काढला, यावर सगळं आहे. लग्नात जेवणानंतरच्या मांडवाचा फोटो काढला तर खरकटी ताटंच दिसणार.

उपाय साधा आहे. बंद होतानाचं आपोआप साठवणं काढून टाका. आयकॉन मनासारखे लावले, स्क्रीनचा आकार बरोबर आहे हे पाहिलं, की हातानं सेव्ह करा आणि त्या नोंदीला ओळखू येईल असं नाव द्या. ताईंच्या यादीत आता "चांगली" नावाची एक नोंद आहे, तिला कुणी हात लावत नाही. चालू होताना परत लावायचं असेल तर ही ठरलेली नोंदच लावायला सांगा. डेस्कटॉप ओकेच्या यादीत प्रत्येक नोंदीपुढे स्क्रीनचा आकार आणि तारीख दिसते, ती वाचायची सवय लावा. १०२४ बाय ७६८ असं दिसलं की ती नोंद बिघडलेल्या दिवसाची आहे हे लगेच कळतं.

आधी रिस्टोर, मग स्क्रीनचा आकार

हा क्रम चुकीचा आहे, उलट हवा. लहान स्क्रीनवर मोठ्या स्क्रीनची मांडणी लावायला गेलात तर काठावरचे आयकॉन कुठे बसवायचे हा प्रश्न सुटत नाही. आधी सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्लेमध्ये जाऊन आकार बघा, बहुतेक ठिकाणी तो १९२० बाय १०८० असतो. तिथलं स्केलही बघा. कुणी अक्षरं मोठी दिसावीत म्हणून १०० चं १२५ टक्के केलं असेल तर आयकॉनच्या घरांची संख्याच बदलते. दोन्ही जागेवर आले की मग रिस्टोर.

याच जातीची एक गंमत. कंट्रोल दाबलेलं असताना माउसचं चाक फिरलं की डेस्कटॉपचे आयकॉन लहान-मोठे होतात. एका ठिकाणी गठ्ठ्याची फाइल कीबोर्डवर टेकलेली होती, कंट्रोलवर, आणि साहेब चाक फिरवत होते. आयकॉन ताटाएवढे झाले. रिस्टोर करून जागा परत आल्या, पण एकमेकांवर चढलेल्या. डेस्कटॉपवर क्लिक करून कंट्रोल, शिफ्ट आणि ३ दाबलं की मधला आकार येतो, आणि त्यानंतर रिस्टोर.

ऑटो अरेंज चालू ठेवून युटिलिटीला दोष देणं

डेस्कटॉपवर राइट क्लिक, व्ह्यू. तिथे "ऑटो अरेंज आयकॉन्स"वर टिक असेल तर जगातली कुठलीही युटिलिटी हरणार, कारण विंडोज स्वतःच सगळ्यांना डावीकडून रांगेत उभं करतं. टिक काढा. खालचं "अलाइन आयकॉन्स टू ग्रिड" राहिलं तरी चालतं.

झिपमधूनच चालवणं

पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, युटिलिटी झिप फाइलमध्ये येते. लोक झिप उघडतात आणि आतच डबल क्लिक करतात. प्रोग्राम चालतो, सेव्हही होतं, सगळं छान. प्रत्यक्षात तो तात्पुरत्या टेम्प फोल्डरमधून चाललेला असतो आणि नोंदी तिथेच आयएनआय नावाच्या सेटिंगच्या फायलीत बसलेल्या असतात. टेम्प साफ झालं की नोंदी गेल्या. डाउनलोड्समध्ये ठेवून महिन्याच्या साफसफाईत उडवणारेही भरपूर भेटतात. झिप व्यवस्थित एक्स्ट्रॅक्ट करा, डी ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर करून तिथून चालवा. त्या फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर असू द्या.

आयकॉन आणि उघड्या खिडक्या यात गल्लत

गंगापूर रोडवरच्या एका सीएंच्या ऑफिसात दोन मॉनिटर आहेत. डावीकडे टॅली, उजवीकडे ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल आणि खाली एक्सेल. साहेबांनी कुठूनतरी ऐकून आयकॉनवाली युटिलिटी टाकली आणि रोज सकाळी खिडक्या आपापल्या जागी उघडतील म्हणून वाट बघत बसले. ते तिचं कामच नाही. आयकॉनची जागा वेगळी, उघड्या प्रोग्रामच्या खिडक्यांची जागा वेगळी.

खिडक्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या छोट्या साधनांच्या संचातलं वर्कस्पेसेस बघा. २०२४ मध्ये आलं, फुकट आहे. सगळे प्रोग्राम हवे तसे लावून एकदा कॅप्चर केलं की एका शॉर्टकटवर सगळे त्याच जागी उघडतात. पण ते प्रोग्राम उघडतं, कालची एक्सेल फाइल आपोआप उघडेल असं नाही. ती हवी असेल तर वर्कस्पेस एडिट करताना त्या प्रोग्रामच्या कमांडलाइनच्या चौकटीत फायलीचा पत्ता घालावा लागतो. तेव्हा पत्त्यात मोकळी जागा असेल तर दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं द्यायला विसरू नका. इथेच निम्मे लोक अडकतात.

सीएंकडे दुसरीच अडचण निघाली. ब्राउझर आणि एक्सेल जागेवर यायचे, टॅली मात्र मधोमध रुसून बसायचं. कारण त्यांच्या शॉर्टकटमध्ये टॅली "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" असं लावलेलं होतं. साध्या अधिकारानं चालणारा प्रोग्राम ॲडमिनच्या खिडकीला हलवू शकत नाही, विंडोज तशी परवानगीच देत नाही. एक तर टॅलीची ती टिक काढायची, नाहीतर पॉवरटॉइजही ॲडमिन म्हणून चालवायचं. टिक काढून सगळं नीट चालतंय ना ते बघितलं, चाललं, तीच वाट धरली.

फक्त फोल्डरच्या खिडक्या परत याव्यात एवढंच हवं असेल तर काहीच टाकायची गरज नाही. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबखाली "रिस्टोर प्रीव्हियस फोल्डर विंडोज ॲट लॉगऑन" आहे, टिक करा. लॅपटॉपला ऑफिसात मोठा मॉनिटर लावणाऱ्यांसाठी विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मल्टिपल डिस्प्लेजखाली मॉनिटरच्या जोडणीप्रमाणे खिडक्यांची जागा लक्षात ठेवायची सोय आहे, तीही बघून घ्या.

मांडणी लावली, लगेच लाइट गेली

विंडोज आयकॉनच्या जागांची पक्की नोंद सहसा साइन आउट किंवा शटडाउन होताना करतं. तासभर खपून आयकॉन लावले आणि वीज गेली तर पुढच्या वेळी आधीचीच मांडणी दिसू शकते. म्हणून मोठी आवराआवर केली की युटिलिटीत सेव्ह करा आणि एकदा साइन आउट करून परत आत या. यूपीएसची बॅटरीही बदला, हे मी सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

नाव बदललं की ओळख गेली

युटिलिटी आयकॉनला नावानं ओळखते. "पत्रिका फायनल"चं "पत्रिका फायनल २" केलं की तिच्या लेखी ती नवीनच फाइल, रिस्टोर करताना तिला जागा मिळत नाही. ताईंच्या दुकानात फायनल कधीच फायनल नसतं, आणि सिंहस्थाच्या फ्लेक्सची कामं आल्यापासून तर एकेका बॅनरचे सात फायनल असतात. आम्ही वाट काढली: डेस्कटॉपवर गिऱ्हाइकाच्या नावाचा फोल्डर, फायनलांचा गोंधळ त्याच्या पोटात. फोल्डरचं नाव बदलत नाही, त्यामुळे जागाही हलत नाही. आयकॉन दीडशेचे साठावर आले.

हा बॅकअप नव्हे

एकदा ताईंच्या मदतनीस मुलानं चुकून एक फोल्डर उडवला आणि रीसायकल बिनही रिकामं केलं. मग मला विचारतो, "दादा, रिस्टोर दाबलं तर येईल ना?" नाही येणार. युटिलिटीकडे फक्त जागेचा पत्ता असतो, घर नसतं. फायलींची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर वेगळी घ्यावीच लागते. त्या दिवशी ते काम गिऱ्हाइकाला आधी पाठवलेल्या व्हॉट्सॲपवरून परत मिळालं, पण छपाईला चालणारी कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल गेलीच.

विंडोज नव्यानं टाकायचं असेल तर त्याआधी नोंदी असलेला फोल्डर बाहेर काढून ठेवा. इन्स्टॉल करून वापरत असाल तर डेस्कटॉप ओकेच्या नोंदी विंडोजच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, फॉरमॅट मारणारा तिकडे बघत नाही. नव्या विंडोजवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसेपर्यंत रिस्टोर दाबू नका. ताईंच्याकडे मी गेल्या महिन्यात हे केलं, ड्रायव्हर बसला, आकार तपासला, "चांगली" निवडली. कोपऱ्यात घड्याळाच्या वर अकरा फोल्डर येऊन बसले. ताईंनी मोजले आणि फोन उचलला.