उड्डाणांचे कागद : आरंभीच्या वैमानिकांचा इतिहास जपणारी संस्था कोल्हापुरात कशी उभारावी

कोल्हापूरच्या विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचे नाव आहे, ते केवळ आदरापोटी दिलेले नाही. उजळाईवाडीचा हा विमानतळ १९३९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत संस्थानाने उभारला. एवढी गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु पहिल्या वर्षांत तेथे कोण उतरले, इंधनाचे डबे कोणी वाहिले, जमीन कोणाकोणाची गेली, असे विचारले तर उत्तर घरोघरच्या ट्रंकांत आणि दप्तरखान्यांतील रुमालांत (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत) शोधावे लागते. हे शोधण्याचे आणि जपण्याचे काम एकट्या हौशी माणसाच्या हयातीत पुरे होत नाही, म्हणून त्यासाठी एखादी छोटी, ना-नफा संस्था हवी.

संस्थेची कक्षा पहिल्याच बैठकीत ठरवून लिहून काढावी. जुहूचा विमानतळ १९२८ चा, जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरात विमानांचा कारखाना काढला तो १९४० च्या डिसेंबरात. हा सर्व इतिहास आपला आहे, पण तो जपणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. कोल्हापूरच्या संस्थेने त्याची पार्श्वभूमी ठेवून करवीर संस्थान व आसपासच्या मुलखातील माणसे, जागा आणि कागद एवढेच क्षेत्र घ्यावे, आणि काळाची मर्यादा १९४७ किंवा फार तर १९५० पर्यंत ठेवावी. वैमानिक या शब्दाचा अर्थ मात्र सैल ठेवावा. यंत्रज्ञ, शिंपी (त्या काळी पंखांवर कापड चढवलेले असे, आणि ते शिवावे लागे), रखवालदार व हवाई दलात भरती होऊन गाव सोडलेली मुले यांना वगळले तर मागे केवळ राजेरजवाड्यांचे फोटो उरतील.

नोंदणीचा भाग रूक्ष आहे, पण अवघड नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही होते. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो, आणि पुष्कळ चांगल्या संस्थांचे घोडे याच साध्या अर्जापाशी अडते. देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर ८० जी ची नोंदणी निराळी करावी लागते. घटना लिहिताना एका कलमाकडे विशेष लक्ष द्यावे. संस्था बंद पडल्यास तिची मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाते. तेव्हा संग्रह कोणाकडे जाईल हे आधीच नाव घालून लिहावे, कारण दहा वर्षांनी मंडळी पांगल्यावर ते ठरवायला कोणी जमत नाही.

खरे काम शोधाचे आहे. कोल्हापुरात राज्य शासनाचे पुरालेखागार असून संस्थानकालीन दप्तराचा मोठा भाग तेथे आहे. त्यासाठी मोडी वाचणारा एक तरी सभासद जोडून घ्यावा, कारण विसाव्या शतकातही संस्थानच्या खालच्या कचेऱ्यांत मोडीचा वापर चालू होता. 'विमान' हा शब्द शोधत बसल्यास हाती फारसे लागत नाही, असे माझे मत आहे. बांधकाम खात्याचा खर्च, पेट्रोल साठवण्याची परवानगी, पाहुण्यांच्या बडदास्तीची बिले, संस्थानचे गॅझेट यांतून विमान आडवाटेने प्रकट होते. उजळाईवाडीच्या जमिनींसाठी करवीर तालुक्याचे जुने फेरफार व भूमी अभिलेखाचे नकाशे पाहावेत. त्यानंतर करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय येथील जुनी वृत्तपत्रे व नियतकालिके दिनांकवार चाळावीत.

घरांतून मिळणाऱ्या वस्तूंत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वैमानिकाचे लॉगबुक. त्यात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणीची अक्षरे, कोठून कोठे आणि किती वेळ, हे उड्डाणानंतर लगेच लिहिलेले असते, म्हणून त्याची साक्ष आठवणींपेक्षा भक्कम ठरते. फोटो मिळाल्यास चेहऱ्यांच्या आधी पंख व शेपटी भिंगाखाली पाहावी. भारतात नोंदलेल्या विमानावरील अक्षरे 'व्हीटी'ने सुरू होतात, आणि पुढची तीन अक्षरे वाचता आली तर विमानाचा प्रकार व मालक यांचा माग काढता येतो. आजोबांची वस्तू कायमची द्यायला लोक कचरतात, आणि त्यांचे चुकतही नाही. म्हणून दानपत्र, ठरावीक मुदतीची उसनवार पावती आणि 'प्रत काढून मूळ परत' असे तीन कागद बरोबर ठेवावेत. बहुतेक घरे तिसरा निवडतात. फोटो घरात असणे आणि त्याचे स्वामित्वहक्क असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याच वेळी समजावून सांगावे आणि छायाचित्रकाराचे नाव मिळत असेल तर टिपून घ्यावे. प्रत्येक वस्तूला त्याच दिवशी दाखल क्रमांक द्यावा, दाखल नोंदवही शाईने लिहावी, आणि फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीखेरीज काहीही चालवू नये.

आता पडताळणी. या विषयात दंतकथा फार गोड असतात. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, असे मराठी घरांत अभिमानाने सांगितले जाते, परंतु त्या घटनेची विश्वासार्ह समकालीन नोंद पुढे आलेली नाही, आणि तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. याच्या शेजारी १७ डिसेंबर १९०३ चे राइट बंधूंचे उड्डाण ठेवून पाहावे. पहिली झेप अवघ्या बारा सेकंदांची व १२० फुटांची होती. तरी ऑर्व्हिलची रोजनिशी, वडिलांना पाठवलेली तार, पाच प्रत्यक्षदर्शी आणि त्यांपैकी जॉन डॅनियल्स यांनी टिपलेला फोटो एवढा पुरावा तिच्या पाठीशी आहे. नोंद म्हणजे काय, हे नव्या कार्यकर्त्याला शिकवायला याहून चांगली जोडी नाही. तळपद्यांची कथा संग्रहातून काढून टाकावी असे मात्र मी म्हणणार नाही. ती 'आख्यायिका' अशा चिठ्ठीसह ठेवावी, कारण लोकांनी काय मानले हाही इतिहासच आहे. प्रत्येक नोंदीवर 'कागदाने सिद्ध', 'एका व्यक्तीची आठवण' किंवा 'आख्यायिका' यांपैकी एक शेरा असावा.

सुप्रसिद्ध गोष्टीही याच चाळणीतून जाऊ द्याव्यात. १५ ऑक्टोबर १९३२ ची टपालाची फेरी कराचीहून मद्रासपर्यंत जे. आर. डीं.नीच नेली, असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक त्यांनी पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले, आणि तेथून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुरा केला. असे दुसरे नाव गळून पडते तेव्हा तेवढा इतिहास कमी होतो, आणि गावपातळीवर तर अशी गळती अधिकच होते.

साठवणुकीत कोल्हापूरचा पाऊस हा पहिला शत्रू होय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ च्या पुरांत पाणी तिच्या कितीतरी वर गेले. त्यामुळे फुकट मिळाली तरी नदीकाठच्या पेठांतील तळमजल्याची खोली घेऊ नये. वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न टेकणारे लोखंडी कपाट, आम्लरहित कागदाची पाकिटे आणि वेळोवेळी बदललेली सिलिका जेल एवढ्यावर सुरुवात होते. पोथ्यांना वेखंड ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे, परंतु पुरचुंडी कागदाला लागू देऊ नये. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांना पूर्ण बंदी असावी. मी स्वतः एक जुना गटफोटो 'टिकावा म्हणून' लॅमिनेट करून घेतला होता. दोन पावसाळ्यांनंतर प्लॅस्टिकच्या आत बुरशी धरली आणि एक चेहरा कायमचा गेला. निगेटिव्हला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करावी. नायट्रेटच्या फिल्म तर चटकन पेट घेतात. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत, आणि ज्या शहराने स्वतःचा कॅमेरा घडवला त्याला फिल्मच्या नाशाविषयी वेगळे सांगायला नको.

दुसरा धोका प्रेमळ आहे. शिवाजी उद्यमनगरातील कुशल कारागिराच्या हाती विमानाचा गंजलेला भाग दिला तर तो दोन दिवसांत लखलखीत करून देईल, आणि नेमके तेच नको असते, कारण जुना रंग, ठोक्यांच्या खुणा, कारखान्याचा शिक्का हाच पुरावा असतो. त्या कौशल्याचा उपयोग प्रतिकृती घडवण्यासाठी करावा. मूळ भाग केवळ कोरड्या ब्रशने झाडावा. जुन्या उंचीमापकांच्या व होकायंत्रांच्या तबकड्यांविषयी मात्र कडक नियम हवा. बाजारात आपण ज्याला 'रेडियम' म्हणतो त्या चमकत्या पट्ट्यांत रेडियम नसते, पण त्या काळच्या तबकड्यांवरील रंगात ते खरोखरीच असू शकते. रंगाची चमक विझली तरी किरणोत्सार चालूच राहतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षांचे आहे. असे उपकरण उघडू नये, खरवडू नये, फुटलेल्या काचेला हात लावू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि तज्ज्ञाने तपासल्यावाचून प्रदर्शनात मांडू नये.

छायाचित्रे किमान ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० बिंदू) टिफ या फाइल-स्वरूपात स्कॅन करावीत, तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक जिल्ह्याबाहेर असावी. पुराच्या गावात हा खर्च फाजील नाही. हे काम मे महिन्याअखेर उरकावे.

सर्वांत घाई मात्र माणसांची आहे. ज्यांनी लहानपणी उजळाईवाडीत विमान पाहिले ते आता नव्वदीच्या आसपास आहेत. मुलाखतीला दोघांनीच जावे, लेखी संमती घ्यावी, पंखा बंद करून ध्वनिमुद्रण करावे आणि 'तेव्हा कसे वाटले' असे विचारण्याआधी हातात फोटो किंवा नकाशा द्यावा. विमान कोणत्या दिशेने आले, लोक कोठे उभे होते, धूळ कोणाच्या शेतावर गेली, अशा प्रश्नांना बोट ठेवून उत्तरे मिळतात. कथनातील सनावळी जागच्या जागी दुरुस्त करू नये, ती नंतर शेऱ्यात लिहावी. ध्वनिमुद्रणाची एक प्रत आठवड्याच्या आत त्या घरी पोचती करावी. ती ऐकायला घरची मंडळी जमतात, आणि बहुधा त्यानंतरच माळ्यावरची ट्रंक खाली उतरते.