मासेमारीच्या गेमचे रिव्ह्यू वाचून गेम घेताय? मग या चुका टाळा

जून लागला की गोव्यात ट्रॉलर बांधून पडतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारीला बंदी. आणि नेमका त्याच सुमाराला स्टीमचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा, समर सेल येतो, मग मालिम असो, वास्कोचा खारीवाडा असो नाहीतर खाली कुटबण, या सगळ्या मासेमारीच्या धक्क्यांवरून ओळखीच्या पोरांचे मेसेज सुरू होतात की दादा ती ट्रॉलरवाली गेम घेऊ का, रिव्ह्यूमध्ये कुणी म्हणतं एक नंबर, कुणी म्हणतं झोप येते, नक्की खरं काय? माझं उत्तर दरवर्षी तेच असतं की दोघंही खरंच बोलतायत, फक्त दोघांना गेमकडून हवं असलेलं वेगळं आहे. रिव्ह्यू वाचताना आधी हे शोधायचं की लिहिणाऱ्याला काय हवं होतं, मग त्याचं मत आपल्या कामाचं आहे की नाही ते आपोआप कळतं.

मी इथे मुख्यतः मिस्क गेम्स या नॉर्वेच्या स्टुडिओच्या गेम्सबद्दल बोलतोय. २०१८ ची 'फिशिंग: बॅरेंट्स सी', म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकाची मासेमारी, मग २०२० ची 'फिशिंग: नॉर्थ अटलांटिक', ती कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची, आणि २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आलेली 'शिप्स ॲट सी', जिच्यात मासेमारीबरोबर मालवाहतूक वगैरेही आहे आणि मित्रांबरोबर खेळता येतं. याशिवाय 'डेडलिएस्ट कॅच: द गेम' आहे, ती खेकड्यांची, बेरिंग समुद्रातली, त्याच नावाच्या टीव्ही शोवरून केलेली.

भलत्याच गेमचे रिव्ह्यू वाचणं

ही चूक ऐकायला साधी वाटते पण फार जण करतात. 'फिशिंग प्लॅनेट' किंवा 'रशियन फिशिंग ४' या गळ टाकून मासे पकडायच्या गेम आहेत, छंद म्हणून गरी घेऊन बसणाऱ्या माणसाच्या. 'ड्रेज' तर भीतीदायक गोष्टीची गेम आहे, त्यात होडी असली तरी धंदा शिकायला मिळत नाही. यूट्यूबवर यांचे व्हिडिओ बघून कुणी नॉर्थ अटलांटिक घेतली की पहिल्याच दिवशी वैतागतो, कारण इथे गरी हलवायची मजा नाही, इथे बोट चालवायची, जाळं नाहीतर लाइन टाकायची, मासे आणून विकायचे, डिझेलचा हिशेब ठेवायचा आणि पैसे साठवून मोठी बोट घ्यायची. तो वैताग मग रिव्ह्यूत उतरतो आणि पुढचा माणूस तो वाचून घाबरतो.

नुसता टक्का बघणं

स्टीमवर रिव्ह्यू म्हणजे फक्त हो किंवा नाही, शिफारस करतो किंवा करत नाही. ४० ते ६९ टक्के लोक हो म्हणाले की गेमला 'मिक्स्ड' लेबल लागतं, ७० च्या पुढे गेलं की 'मोस्टली पॉझिटिव्ह'. म्हणजे ६९ आणि ७० मधला फरक एका टक्क्याचा, पण लेबल बघणाऱ्याच्या मनात केवढा मोठा होतो! आणि अशा गेममध्ये हो म्हणणारा पण चार तक्रारी करतो आणि नाही म्हणणारा पण समुद्राचं तोंडभर कौतुक करतो, हे वाचल्याशिवाय कळणार कसं. सगळे रिव्ह्यू आणि गेल्या ३० दिवसांचे रिव्ह्यू हे आकडे वेगळे दिसतात ते दोन्ही बघा. जुना आकडा चांगला आणि अलीकडचा खाली गेला असेल तर बहुतेक एखाद्या अपडेटने काहीतरी मोडलंय, उलटं असेल तर दुरुस्ती झालीय. २०१७ पासून स्टीम रिव्ह्यूंचा आलेखही दाखवतं, त्यात कुठल्या महिन्यात लोक चिडले ते सरळ दिसतं, आणि त्या महिन्यातले दहाबारा रिव्ह्यू वाचले की कारण सापडतं.

भाषेचा फिल्टर पण बघा. आपल्याला साधारण आपण निवडलेल्या भाषेतलेच रिव्ह्यू पुढे दिसतात, आणि सिम्युलेटर गेम खेळणारे जर्मनीत खूप आहेत, बॅरेंट्स सी तर ॲस्ट्रागॉन या जर्मन कंपनीनेच बाजारात आणली. सगळ्या भाषा चालू करा आणि ब्राउझरला भाषांतर करायला सांगा. जर्मन माणूस कुठल्या बोटीचा विंच, म्हणजे जाळं ओढायचं यंत्र, कसा वागतो यावर जे सविस्तर लिहितो ते वाचण्यासारखं असतं.

'बोअर आहे' हे वाचून पळून जाणं, किंवा तिकडे लक्षच न देणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून जरा थांबून सांगतो.

या गेममध्ये सुरुवातीला लहान बोट मिळते. बंदरातून निघायचं, जागा गाठायची, लाँगलाइन म्हणजे शेकडो गळ लावलेली दोरी सोडायची, ती पाण्यात काही तास राहू द्यायची, परत येऊन ओढायची, वर येणारा एकेक मासा आकड्याने बोटीत घ्यायचा, मग माउसने तो साफ करायचा. आणि मग परत तेच. पुढे पैसे आले की खलाशी ठेवता येतात, ते ही कामं करतात, तुम्ही व्हीलवर राहता. ट्रॉलर घेतला की जाळं सोडणं, खोली बघणं, तारेवरचा ताण सांभाळणं हे सुरू होतं आणि गेमचा चेहराच बदलतो.

आता 'बोअर' लिहिणाऱ्यात तीन प्रकारची माणसं सापडतात. एकाला मुळात वेगवान गेम हवी होती, त्याचं मत तुम्ही सोडून द्या. दुसऱ्याला संथपणा आवडतो पण पहिल्या बोटीवर फार वेळ अडकून राहावं लागतं असं त्याचं म्हणणं असतं, ते मत सोन्यासारखं आहे, कारण तो बहुतेक सांगतो की किती तासांनी गाडी पुढे सरकते. तिसरा म्हणतो की मोठी बोट घेऊनही तेच तेच करावं लागतं, समुद्रात नवीन काही घडत नाही, आणि ही तक्रार मला या गेम्सबद्दल सगळ्यात खरी वाटते. खऱ्या समुद्रात तेच काम रोज करताना प्रत्येक दिवस वेगळा निघतो, वारा फिरतो, जाळं खडकात अडकतं, जेलीफिश भरून येतात. गेममध्ये हवामान चांगलं केलंय, लाटा सुंदरच आहेत, पण अनपेक्षित असं कमी घडतं.

आपल्याकडे ट्रॉल जाळं दोन तीन तास ओढतात, तेवढा वेळ तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, व्हीलवर बसून असतो, कुणी त्याला बोअर म्हणत नाही कारण ते काम आहे. गेममध्ये तो वेळ आपण आपल्या सुट्टीतून देतो. म्हणून स्वतःला आधी विचारा, संध्याकाळी जेवण झाल्यावर तासभर नुसती बोट चालवत बसायला आवडेल का? हो असेल तर 'बोअर'वाले अर्धे रिव्ह्यू तुमच्यासाठी नाहीतच.

रिव्ह्यूच्या वर तास लिहिलेले असतात ते पण बघा, रिव्ह्यू लिहिताना किती तास झाले होते आणि आजपर्यंत एकूण किती झाले. लिहिताना कमी आणि आज शंभरच्या वर असेल, तर 'नको घेऊ' लिहिणारा स्वतः मात्र खेळतच राहिलाय हे समजून घ्या.

आपली मासेमारी तिथे शोधणं

गोव्यातल्या पोरांची ही खास चूक. गेम घेतात आणि म्हणतात यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) नाही, आपल्यासारखी बोट नाही, तारले नाहीत, सगळं खोटं. अरे पण ती जागाच वेगळी आहे! नॉर्वेतलं हॅमरफेस्ट हे ७० अंश उत्तरेच्याही वरचं गाव, तिथे हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही. तिथला मासा म्हणजे कॉड, हॅडॉक, सेथ. तिथल्या कॉडचा कोटा नॉर्वे आणि रशिया मिळून ठरवतात. आपल्याकडे कोटा नाही, आपल्याकडे पावसाळी बंदी आहे, ट्रॉलरने किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत यायचं नाही हा नियम आहे, २०१७ पासून एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राची बंदी आहे, आणि रापणकार आणि ट्रॉलरवाले यांच्यातला वाद तर १९७० च्या दशकापासूनचा. यातलं काही नॉर्वेवाल्यांच्या गेममध्ये येणार नाही आणि त्यावरून गेमला नावं ठेवणं बरोबर नाही.

उलट आपल्या माणसाला यात बघण्यासारखं खूप आहे. जाळं किती खोल सोडायचं, तार किती द्यायची, होल्ड, म्हणजे मासे ठेवायचा कप्पा, अर्धा रिकामा असताना डिझेल जाळून पुढे जायचं की परतायचं, हा हिशेब मालिमच्या तांडेलाला जसा करावा लागतो तसाच इथेही करावा लागतो. अमुक बोट खऱ्यासारखी वाटते की नाही यावर नोव्हा स्कोशियाचा किंवा नॉर्वेचा कुणी मासेमार लिहीत असेल तर तो रिव्ह्यू जपून वाचा. पण तोच माणूस मेनू आणि बटणांबद्दल बोलायला लागला की त्याचं मत इतरांइतकंच.

लॅपटॉपचा दोष गेमवर ढकलणं

अडकते, बंद पडते, स्क्रीन काळी होते, अशा रिव्ह्यूंमधल्या काही तक्रारी गेमच्याच असतात, पण काही घरातच सुटतात. रिफंड मागण्याआधी किंवा चिडून रिव्ह्यू लिहिण्याआधी एवढं करून बघा.

लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही गेम कधीकधी साध्या चिपवर चालते. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमला हाय परफॉर्मन्स द्या, आणि चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. गेम उघडतच नसेल तर स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथून फाइल्स व्हेरिफाय करा, नेट मध्येच गेल्यामुळे डाउनलोडमध्ये काही राहिलं असेल तर ते भरून निघतं. बोट आपोआप एका बाजूला वळत असेल तर कंट्रोलर काढून बघा, जुन्या कंट्रोलरची काडी जराशी सरकलेली असली तरी गेमला वाटतं तुम्ही सुकाणू फिरवताय. पाणी आणि सावल्या यांचं सेटिंग एकेक पायरी खाली आणा, समुद्राच्या गेममध्ये बराचसा भार तिथे असतो.

आणि आपल्याकडचा पाऊस! लाइट जाते येते, डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएस नसेल तर वादळी संध्याकाळी लांबची फेरी काढूच नये. बंदरात आलात की सेव्ह झालंय ना बघा, आणि स्टोअर पेजवर स्टीम क्लाउड (सेव्ह नेटवरही ठेवायची सोय) लिहिलंय का तेही बघून ठेवा.

एवढं करूनही गेम बंद पडत असेल, आणि गेल्या महिन्याभरातल्या रिव्ह्यूंमध्ये तेच लिहिलेलं असेल, तर दोष गेमचाच. अर्ली ॲक्सेसच्या गेमला हे जास्त लागू आहे, तिथे पैसे देताना अपुरी गेम घेतोय हे माहीत असायला हवं. कन्सोलवाल्यांनी पीसीचे रिव्ह्यू वाचून बटणांबद्दल अंदाज बांधू नये, तिथला अनुभव वेगळा असतो.

रिफंडची वेळ हातातून जाऊ देणं

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. वेगवान गेमला २ तास पुरतात, इथे पुरत नाहीत, बोट पहिल्या जागेवर पोचेपर्यंतच बराच वेळ जातो, आणि मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तास मोजले जातात. म्हणून पहिल्या बैठकीत ट्युटोरियल पूर्ण करा, एक लाइन टाका, एकदा बंदरात येऊन मासे विका, आणि लगेच ठरवा. गेम अडकते का, हे कळायला एवढं भरपूर आहे. एक्स्पान्शन पॅक, म्हणजे मूळ गेमला जोडायचे वेगळे विकत मिळणारे भाग, मात्र पहिल्या दिवशी घेऊ नका, स्कॅलपचा (एक प्रकारच्या शिंपल्यांचा) पॅक घेतला म्हणजे मूळ गेम आवडेलच असं नाही. सेलच्या दोन दिवस आधी पूर्ण किमतीत घेतली असेल तर याच अटींत बसत असल्यास परत करून सेलच्या भावात पुन्हा घेतली तरी स्टीमला चालतं, ते त्यांनी स्वतःच सांगितलंय.

स्वतः लिहिताना

आपल्याकडून 'मस्त गेम' किंवा 'फालतू' एवढंच लिहिलं जातं, त्याचा कुणालाही उपयोग नाही. तुमचा लॅपटॉप कुठला, रॅम किती, कुठल्या बोटीपर्यंत पोचलात, खलाशी ठेवले की सगळं हाताने केलं, कीबोर्डवर खेळलात की कंट्रोलरवर, हे लिहा. घरची बोट असेल तर तेही लिहा, कारण जाळं वर येताना विंच जसा आवाज करतो तसा गेममध्ये करतो की नाही हे सांगू शकणारी माणसं जगात फार नाहीत आणि त्यातली बरीच आपल्या किनाऱ्यावर आहेत. बटणं जमत नव्हती म्हणून रागावून 'नाही' दाबलं असेल, आणि पुढे पॅच येऊन ती अडचण सुटली, तर जुना रिव्ह्यू त्याच जागी एडिट करता येतो, 'नाही'चं 'हो' करता येतं, आणि खाली तारीख घालून काय बदललं ते दोन ओळींत लिहा.