आर्चटॉपच्या मुक्या तारा

माझ्या आर्चटॉपला, म्हणजे फुगीर कोरीव पाटीच्या गिटारला, फ्लोटिंग पिकअप आहे. पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडून अँपकडे (ध्वनिवर्धकाकडे) पाठवणारा चुंबकी भाग. तो पिकगार्डला (तारांजवळच्या संरक्षक पट्टीला) टांगलेला असल्याने कोरीव पाटी कापावी लागत नाही, लाकूड मोकळं वाजतं. पण अँपमधून बारीक ई आणि बी या दोन तारा ठणठणायच्या, बाकीच्या चार मुक्याच. महिनाभर मी पिकअपलाच दोष देत होतो. खरं कारण होतं ब्राँझच्या तारा! चुंबकी पिकअपला पोलाद किंवा निकेल लागतं. जाड तारांवरचं ब्राँझचं वेटोळं त्याला जवळजवळ जाणवतच नाही. निकेलच्या फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या) तारा चढवल्या, पिकअपमधला बी तारेखालचा स्क्रू थोडा उतरवला. सहाही तारा सारख्याच जोरात बोलू लागल्या, फार बरं वाटलं.

उरलं घुमणं, म्हणजे अँपचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारा फीडबॅक, 110 हर्ट्झच्या ए सुराजवळ. अँप समोरून हलवून बाजूच्या खुर्चीवर ठेवला, बेस कमी केला, पाटीवरच्या f आकाराच्या छिद्रांत फोम बसवला. फोमने गिटारचा मूळ आवाज किंचित दबतो, म्हणून घरी वाजवताना काढून ठेवतो.